लाइनवरचा तिसरा माणूस

टेलिफोन एक्सचेंजमध्ये दोन वर्षं काढली की बाकी काही जमो न जमो, किस्से जमतात. बाहेर काही बोलणार नाही, अशी सही आम्ही रुजू होतानाच दिलेली असते. म्हणून तर जास्तच जमतात!

मी आमच्या बेटावरच्या क्वात्र बॉर्न गावी टेलिफोनच्या बोर्डावर लागले तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कॉल आला की बोर्डावरची झडप खट्कन पडे आणि मी दचके. शेजारच्या बोर्डावरच्या लक्ष्मीमावशी म्हणायच्या, "अगं, तू माएबूर्गला मासे विकायला जा. मेलेले मासे दचकवत नाहीत!"

*

एक दिवस सफारी सूट घातलेले एक मिस्ये, म्हणजे साहेब, 'वरून' आले. युनियनच्या एका मास्तरांची लाइन त्यांना ऐकायची होती. मी लेखी हुकूम मागितला.

"तोंडी आहे," आमचे सुपरवायझर म्हणाले.

मावशी कानाशी पुटपुटल्या, "उद्या चौकशी झाली तर हेच म्हणतील, आम्हाला काय ठाऊक, पोरीनं प्लग लावला!"

पण प्लग लावला मीच.

*

मिस्येंना मराठी येत नव्हती. मास्तरांची बहीण मोंतान्य ब्लांश गावाहून फोन करायची, आणि मी ते घाबरत घाबरत त्यांना इथल्या क्रेओल बोलीत सांगायची.

"काळी व्याली. दोन झाली. तांबडी पुढच्या आठवड्यात."

मिस्येंनी 'तांबडी'खाली दोन रेघा मारल्या. "ही कोण?"

"शेळी, मिस्ये."

"ते झालं टोपणनाव. खरं नाव?"

पुढच्या आठवड्यात बहिणीच्या अंगणात पोलिसांची जीप उभी! तांबडीला तीन झाली होती.

*

मग विधानसभेत प्रश्न आला. रेडिओवर मंत्री ठासून म्हणाले, "या देशात कुणाचाही फोन ऐकला जात नाही!"

मावशींनी मिस्येंच्या कानावरचा हेडफोन वर उचलला. "मिस्ये, तुम्ही इथं नाही म्हणे!"

"बरं," म्हणाले, आणि हेडफोन पुन्हा लावला.

*

शेवटी चौकशी लागलीच. सुपरवायझरनी सरळ लिहून दिलं होतं, 'ऑपरेटरने आपल्या मनाने जोडणी केली.' माझी नोकरी जाणार हे नक्की झालं होतं. घरी आईला सांगायचं धाडसही होत नव्हतं.

चौकशीचे साहेब मात्र भले होते. दार लावलं, खिडक्या लावल्या. "मामझेल, भिऊ नका. या खोलीतलं कुणालाही ऐकू जात नाही. हुकूम कुणाचा होता?"

कसंबसं एक नाव कुजबुजले.

टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी उचलला. पलीकडचं ऐकून घेतलं. मग रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला जरा मोठ्यानं बोलायला सांगतायत."