ऐंशी मतं, सात पॅनेल

मंडळाच्या मीटिंगला मी खिडकीजवळ बसतो. बाहेर गुलाबी फुलांनी भरलेलं झाड, आत संथ पंखा. अर्धे किस्से माझ्याकडे असे पेंगतानाच जमा झालेत. उरलेले जागेपणी घडले, यावर माझाच विश्वास बसत नाही!

आमचं मराठी मंडळ बंगळूरच्या जे. पी. नगरातलं, सभासद ऐंशी. पूर्वी चिठ्ठ्या टाकून एकच अध्यक्ष निवडायचो, ज्याला जास्त मतं त्याची खुर्ची. त्यामुळे गट दोनच. पुण्या-मुंबईहून आलेले आयटीवाले आणि बेळगाव-निपाणीकडचे जुने.

एकदा नागपूरचे देशमुख तिसरे उभे राहिले. मतं पडली चार. घरात मतदार पाच! बायको शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही काही निवडून येत नव्हते. मत कशाला वाया घालवू?"

* * *

मग पुण्याच्या निखिलने लॅपटॉप उघडला. "अध्यक्ष नको. आठ जणांची कमिटी करू. पॅनेलला दर दहा मतांमागे एक सीट. कुणाचं मत वाया नको जायला!"

आठवड्याभरात दोन गटांची सात पॅनेलं झाली. नागपूरकरांचं वेगळं, नाटकवाल्यांचं वेगळं, टेबल टेनिसवाल्या पोरांचं वेगळं. खुद्द निखिलच्या बायकोने उपवासाच्या पदार्थांचं पॅनेल काढलं. त्याने कपाळाला हात लावला.

* * *

नोटीस बोर्डावरच्या याद्या वॉचमन मंजण्णाने बोटांवर मोजल्या. "सार, पार्टी सात. आदमी कितना?"

"ऐंशी."

"सरी. स्वल्प और आएगा," म्हणजे अजून थोडी येतीलच, असं म्हणत त्याने कागद सरकवून बोर्डावर जागा केली!

* * *

त्या सातांतलं एक पॅनेल माझं. मागणी एकच, दुपारी दोन ते चार मंडळात कार्यक्रम नको, झोप मोडते. वीस जणांनी शब्द दिला. मी तर दोन सीटांची स्वप्नं बघत होतो.

मतदान रविवारी, दुपारी दोन ते चार. आम्हाला मतं पडली तीन. त्यात माझं नव्हतं!

* * *

खरी चुरस मागच्या खोलीची होती. तिथे निपाणीच्या सुलभाअक्का वीस वर्षं लायब्ररी चालवतात. जुन्या पुस्तकांच्या त्या वासात दुपार कशी विरघळते, कळत नाही. पोरांना टेबल मांडायला तीच खोली हवी होती. अक्कांनीही पॅनेल काढलं. दोघांपैकी ज्या पॅनेलला सीट मिळेल, त्याची खोली, असं ठरलं.

अक्कांचे वाचक नऊ आणि दहाव्या त्या स्वतः. पोरं नऊच, त्यामुळे आम्ही निर्धास्त. लायब्ररी गेली तर मला फार वाईट वाटणार होतं.

निखिलने निकाल वाचला. टेबल टेनिस दहा. लायब्ररी नऊ.

वाचक एकमेकांकडे संशयाने बघू लागले. निखिलने चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. नऊच! वाचकांतले सामंतकाका तर देवाची शपथ घ्यायला उठले.

अक्का खोलीची किल्ली पदराच्या गाठीतून सोडवत होत्या.

"बसा हो काका, शपथ कशाला? मीच दिलं त्या पोरास्नी. एकच कमी पडत होतं की त्यांना!"