दुसऱ्या राशीपाशी डावीकडे

रविवारी दुपारी कॉन फ्रेहर चिखलाने माखलेल्या बुटांसह गावच्या हॉलमध्ये शिरला, तेव्हा मॅलकी कसेन सँडविचेस कापत बसला होता. गॉल्टीच्या डोंगरात चुकलेल्या-पडलेल्या माणसांना खाली आणणारं गावचं एक पथक आहे; कॉन त्यातलाच. मॅलकी त्यात वीस वर्षं सगळ्यांत पुढे चालायचा. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याने दगा दिला आणि त्याच्या वाट्याला चहाची किटली आली. बाहत्तराव्या वर्षी किटली तर किटली, असं तो म्हणायचा, पण तोंड वाकडं करूनच.

"पोरगी जिवंत आहे," कॉन खुर्चीत कोसळत म्हणाला. "मांडीचं हाड मोडलंय, कमरेलाही मार आहे. आत्ताच अँब्युलन्स गेली."

"सापडली कुठे?"

"तळ्याच्या वर. कड्याच्या घळीत एका कपारीला अडकली होती. रात्रभर."

"तिथे तर मेंढीसुद्धा जात नाही," मॅलकी म्हणाला. "कॉर्कची ना? या शहरवाल्यांना नकाशा उलटा धरायची सवयच आहे. यांना घराबाहेर सोडतं कोण?"

कॉन हसला नाही. त्याने जॅकेटच्या आतल्या खिशातून एक भिजलेला कागद काढला आणि पावाच्या तुकड्यांशेजारी ठेवला. "नकाशा नव्हता तिच्याकडे. हे होतं."

तो मॅलकीचाच कागद होता.

मॅलकीने जन्मभर या खोऱ्यात टपाल वाटलं. कुठल्या फाटकाची कडी उलटी लागते आणि कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, हे त्याला पाठ होतं. डोंगराच्या धारेवरच्या सात वाटा त्याने पंचवीस वर्षांपूर्वी एका कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिल्या आणि छापून घेतल्या. दुकानात, पबमध्ये, चर्चच्या दारात त्या कागदांचा गठ्ठा असायचा आणि लोक फुकट घेऊन जायचे. त्यात शोभेचा एक शब्द नव्हता. फाटक, ओढा, भिंत, रास, डावीकडे, उजवीकडे. रास म्हणजे वाट कळावी म्हणून रचलेली दगडांची चळत. त्या धारेवर अशा दोनच होत्या.

त्याची बायको ब्रीडा हा कागद वाचून म्हणाली होती, "अरे, डोंगर कुठाय यात? एवढी उरस्फोड करून वर जाणाऱ्याला वरून काय दिसतं, ते तरी लिही."

"पत्त्यात घर कुठे ते लिहितात. खिडकीतून काय दिसतं ते लिहीत नाहीत," मॅलकी म्हणाला होता.

"मग मी माझी खिडकी कुणाला सांगतच नाही जा."

तिची खिडकी म्हणजे दोन राशींच्या मधली कड्याकाठची एक जागा. हवा स्वच्छ असली की तिथून खाली काळं तळं, पलीकडे हिरव्या शेतांचे तुकडे आणि त्याही पलीकडे शॅनन नदीचं चकाकतं तोंड दिसायचं. ती तिथे फ्लास्क उघडून बसायची. मॅलकी घड्याळ बघत उभा राहायचा. चार वर्षांपूर्वी ती गेली, तिला चर्चमागे पुरलं, आणि आठवड्याने मॅलकी एकटाच वर जाऊन तिच्या जागेवर, अंदाजानेच, दहा दगड ठेवून आला. जेमतेम गुडघ्याएवढा ढीग.

आता त्याने ओला कागद सरळ केला. पाचवी वाट. तिथे पेनाने खूण केली होती. दुसऱ्या राशीपाशी डावीकडे वळा. पुढे भित्र्या लोकांसाठी त्याने मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं: सुरुवातीला उतार फार वाटेल, घाबरू नका, उतरत राहा.

"दुसऱ्या राशीपाशी वळली असती तर सरळ सोंडेवरून रस्त्याला लागली असती," तो म्हणाला. "मोजायला चुकली."

"दाट धुकं होतं. पहिली माथ्यावरची. मग पाऊण तासाने..." कॉन थांबला. "मॅलकी, दुसरी ब्रीडाची."

मॅलकीला आधी कळलंच नाही. "ती कुठे रास आहे? दहा दगड आहेत."

"तुम्ही वर गेला नाहीत ना तीन वर्षांत. छातीएवढी झालीय. येणारा-जाणारा एकेक ठेवतो. आम्हीही ठेवतो. ब्रीडाला राम राम केल्याशिवाय पुढे कसं जायचं?" त्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "आज सकाळी शोधत होतो ना, तेव्हाही मी एक ठेवला. सवयीने. ती पोर खाली साठ फुटांवर होती."

सुरी खाली ठेवायची हेही मॅलकीला सुचेना. ही रास कुणाची वाट चुकवेल, हे गावात कुणालाच सुचलं नव्हतं, कारण गावातल्या कुणाच्या मोजणीत ती रास नव्हतीच. ती ब्रीडा होती. मोजणार होते ते फक्त परके, हातात मॅलकीचा कागद घेऊन.

तीन दिवस तो घरातून बाहेर पडला नाही. तेच शब्द डोक्यात घणासारखे पडत होते. घाबरू नका, उतरत राहा. ती पोर घाबरली असणार. पायाखालचं गवत संपलं तेव्हा थबकली असणार, कागद पुन्हा वाचला असणार, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून आणखी एक पाऊल टाकलं असणार.

बुधवारी तो हॉस्पिटलला निघाला. कॉन गाडीच्या दारापाशी आडवा आला.

"भेटा, फुलं द्या, पण बोलू नका. तिच्या घरच्यांनी वकील गाठला तर? आणि ती स्वतःच म्हणतेय की चूक तिची. मग कशाला उगाच?"

"सरक," मॅलकी म्हणाला.

तिचं नाव सोर्खा. सव्वीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. पाय वर टांगलेला, ओठ फुटलेले. मॅलकीने नाव सांगताच ती ओशाळून हसली.

"तो कागद तुमचा? माफ करा हं, तुम्हाला सगळ्यांना केवढा त्रास दिला मी. दोनपर्यंत मोजता आलं नाही मला. आणि म्हणे गणिताच्या बाई. आई म्हणते, आता डोंगराचं नाव काढायचं नाही. बरोबरच आहे तिचं. जिला दोन आकडे मोजता येत नाहीत, तिने कशाला जावं?"

ती हे थट्टेने बोलत होती, पण बोलता बोलता तिचे डोळे भरले. मॅलकीला वाटलं, इथून उठून पळून जावं. कॉनचं ऐकून गप्प राहिलं, तर निदान गावात मान ताठ राहील. तो कसाबसा खुर्चीत टेकला.

"तू बरोबर मोजलंस, पोरी," तो म्हणाला. "दुसरीपाशीच वळलीस. ती दुसरी रास तिथे नको होती. ती मी रचली. माझ्या बायकोसाठी."

सोर्खा त्याच्याकडे बघतच राहिली. शिव्या देईल, असं त्याला वाटलं, आणि दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी बरोबर मोजलं होतं," ती स्वतःशीच म्हणाली. मग उशीवर मान टाकून रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलीसारखी. मॅलकी शेजारी बसून राहिला. नर्सने बाहेर काढलं तेव्हा निघाला.

शनिवारी तो डोंगर चढला. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. दोन काठ्या घेऊन, दर शंभर पावलांवर थांबत. मागे कॉन, तोंडाचा पट्टा चालूच.

"अहो, कागदात दुसरीचं तिसरी करा, संपलं. नवे छापू."

"आणि जुने? पंचवीस वर्षांचे? ते काय मी घरोघर जाऊन परत आणू? जर्मनीत कुणाच्या तरी कपाटात पडलाय तो. तो माणूस पुढच्या उन्हाळ्यात येईल आणि दोनपर्यंत मोजेल."

वर पोहोचले आणि रास दिसली. मॅलकी जागच्या जागी थांबला. ती खरंच छातीएवढी होती, वर निमुळती, कसबी हातांनी रचल्यासारखी. एका फटीत कुणीतरी हेदर या डोंगरी झुडपाचा वाळका तुरा खोचला होता. ज्यांनी ब्रीडाला कधी पाहिलंही नव्हतं, त्यांनी तिचा एवढा मान ठेवला होता. त्याला हुंदका आवरेना. मग त्याने वरचा दगड उचलला आणि लांब हेदरमध्ये टाकला.

दोघे दोन तास खपले. एकेक दगड वेगवेगळ्या दिशेला, पुन्हा कुणाला रचावासा वाटू नये असा. खालचा थर उरला तेव्हा कॉनने त्याचा हात धरला. "एवढे राहू द्या. हे तुमचे आहेत. गुडघ्याएवढ्याला कोण रास म्हणतं?"

"धुक्यात गुडघ्याएवढंही दिसतं. आणि येणारा त्यावर आणखी एक ठेवतो." मॅलकीने ते दहाही दगड काढले. उघड्या पडलेल्या काळ्या मातीवर पायाने हेदर सारून ती झाकली. हवा स्वच्छ होती. तळं, शेतं, दूरवर नदीचं तोंड.

"बसा जरा," कॉन म्हणाला. "त्यांच्या जागेवर बसून चहा घेऊ."

मॅलकी चार पावलं डावीकडे गेला, मग उजवीकडे. कड्याचा काठ सगळीकडून सारखाच दिसत होता. ती बसायची तेव्हा तो घड्याळाकडे बघत होता; दगडही त्याने अंदाजानेच ठेवले होते. तो परत फिरला, पुन्हा थांबला.

"कॉन," त्याने विचारलं, "ती नेमकी कुठे बसायची रे?"

कॉनला माहीत नव्हतं. त्याने ती जागा नेहमी राशीवरूनच ओळखली होती.