पुसून जाणारे निरोप आणि मावशींची वही

"मंगळवार, १२ मार्च. ऊन कडक. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलला. दुपारी तीन दहाला जावई आले, संत्री घेऊन. चहा दोनदा. सव्वाचारला गेले. वाळलेत बिचारे."

मावशींच्या वहीत त्या दिवशी एवढंच आहे. चहाचा ट्रे घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा टेबलावर उघडी ठेवलेली वही मिटलेली होती आणि पेन तिच्यावर नीट आडवं ठेवलेलं होतं. हे त्यांनी लिहिलं नाही. पन्नासहून जास्त वर्षांत जाणूनबुजून न लिहिलेली ती पहिलीच गोष्ट असावी.

मावशींनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचं जंजाळ. या गावची दोरी त्या गावाच्या भोकात खुपसायची, "बोला" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. शेजारच्या खुर्च्यांवरच्या बायका कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं जुळलं ते चोरून ऐकत आणि डबा खाताना रंगवून सांगत. मावशींनी कधी ऐकलं नाही. "कान काय घरी ठेवून येतेस का गं?" म्हणून मैत्रिणी चिडवायच्या. वहीची सवय मात्र कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली: तारीख, हवा, काय घडलं, किती वाजता. यजमान गेले त्या दिवशीचंही पान आहे.

धाकट्या बहिणीची मुलगी दातांच्या दवाखान्यात मदतनीस. जानेवारीत ती नवऱ्याचं घर सोडून दुसऱ्या शहरात गेली. नवरा, म्हणजे वहीतले ते जावई, हात उगारायचा, आणि तिचे सगळे निरोप आपल्या कॉम्प्युटरवर बसून वाचायचा. नवा पत्ता एकट्या मावशींना कळणार होता.

"मावशी, एक धड अ‍ॅप निवडून दे," निघताना भाची म्हणाली. "तू जुनी एक्स्चेंजवाली, तूच ठरव."

मावशींनी आठवडाभर चष्मा लावून वाचलं. पहिलं अ‍ॅप फुकट होतं, पण फोनमधली सगळी नावं मागत होतं. "फुकट वाटतोय तर हा खातो काय?" म्हणून ते बाद. दुसरं निरोप कुलपात घालून पाठवत होतं, पण त्यांची नक्कल कंपनीकडे बिनकुलपाची ठेवत होतं. तेही बाद. तिसरं देणग्यांवर चालणारं. किल्ल्या फक्त दोन टोकांच्या माणसांकडे, मधल्या कुणाकडेच नाहीत; आणि कुलूप कसं बनवलंय ते उघड मांडलेलं, बाहेरच्या जाणकारांनी तपासलेलं.

"म्हणजे जोडून देणारीच बहिरी," मावशी खूश झाल्या. "आपल्यातलीच आहे ही."

मध्ये कुणी तोतया नाही याची खात्री करायला दोघींनी फोनवर साठ आकडे एकमेकींना वाचून दाखवले. निरोप एका दिवसात आपोआप पुसला जाईल अशीही सोय लावली.

ही सोय मात्र मावशींना पटेना. पोरीचं बोलणं उद्या नसणार? मग पुसलं जायच्या आत त्या प्रत्येक निरोप वहीत उतरवू लागल्या. वेळेसकट. दवाखान्याचा रस्ता, खोली कोणत्या दुकानावर, जिना कुठून, सगळं वळणदार अक्षरात.

शुक्रवारी सकाळी भाचीचा फोन आला.

"मावशी, तो आलाय इथे! काल दवाखान्यासमोर उभा होता. मी मागच्या दाराने निघाले. खोलीवर गेलेच नाही, एका मैत्रिणीकडे आहे."

"लागलं का गं कुठे?"

"नाही. पण पत्ता त्या अ‍ॅपशिवाय कुठेच लिहिला नव्हता. फुटलं बघ तुझं अ‍ॅप! सगळे चोर सारखेच. काढून टाकते, जुन्या अ‍ॅपवरच बोलू."

"बरं," मावशी म्हणाल्या.

तासभर त्या खुर्चीत बसून राहिल्या. अ‍ॅपवर ढकललं असतं तर खपलंही असतं. अ‍ॅप थोडंच भांडायला येणार होतं! पण जुन्यावर गेली की नवरा पुन्हा वाचायला बसणार. मावशींनी फोन लावला.

"काढलंस का?"

"काढतेय."

"काढू नकोस. अ‍ॅपचा दोष नाही, माझा आहे. तुझे निरोप मी वहीत उतरवत होते. मंगळवारी तो आला, वही टेबलावर होती. मी आत चहा करत होते."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"त्याला चहा दिलास?"

"दोनदा. रडवेला होऊन बसला होता."

"साखर घातली होतीस ना नीट?"

मावशींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि वाचलं ते तुला कळलं नाही?"

नाही म्हणणं सोपं होतं. "कळलं. वही मिटलेली होती. वाऱ्याने मिटली असेल म्हटलं. पण पेन काय वाऱ्याने ठेवलं?"

"मंगळवारी बोलली असतीस तर मी बुधवारीच निघाले असते, मावशी."

"हो."

"आता जाईन तिथला पत्ता तुला देणार नाही."

"नको देऊस."

"रोज एक निरोप टाकीन. त्याच अ‍ॅपवर. तू तो लिहायचा नाहीस."

"नाही लिहिणार."

संध्याकाळी साडेसहाला निरोप आला. एकच शब्द. मावशींनी तो तीनदा वाचला, फोन पालथा घातला आणि वही पुढे ओढली.

"शुक्रवार, १५ मार्च. नळ पुन्हा गळतो आहे. उद्या माणूस बोलवायचा."