मोठ्या मामांचा गज

घोड्याच्या शेपटीकडे माझ्या मोठ्या मामांइतक्या मायेने पाहणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात दुसरा झाला नसेल. मामा झाशीला रेल्वेत गार्ड होते. रेल्वेच्या क्लबातला जुना बँड मोडला, तेव्हा बाकीची वाद्यं लोकांनी पटापट उचलली. उरला तो डबल बास, माणसाहून उंच आणि पोटाने लग्नातल्या आचाऱ्यासारखा. मामांनी तो हातगाडीवर घालून घरी आणला. त्याच्या तारांवर ओढायचा, घोड्याच्या केसांचा गज हरवला होता आणि गजाला घासायची राळ उन्हाने वितळून डबीला चिकटली होती.

मामीला त्या सुमारास कमी ऐकू येऊ लागलं होतं. आमच्या हाका, भांड्यांचे आवाज तिच्यापर्यंत पोचत नसत; मालगाडीची घरघर तेवढी कळे. त्यावरून मामांनी ठरवलं, की खर्जातलं गाणं तिला नक्की ऐकू येईल.

मग राळेचा शोध सुरू झाला. मानिक चौकात धूप-ऊद विकणाऱ्या पंसाऱ्याकडे जाऊन मामा प्रत्येक खडा अंगठ्याला चोळत आणि तो अंगठा दुकानाच्या फळीवर ओढून कान लावत. पंसारी अदबीने विचारी, की पंडितजी धूप घालणार आहेत की कुणाचं भूत उतरवणार आहेत. तिथली राळ फार कडक निघाली, म्हणून मामांनी ती घरी एरंडेल घालून शेगडीवर शिजवली. पहिली खेप इतकी चिकट झाली, की पातेलं, उलथनं आणि मामा काही काळ एकजीव होते. दुसरी सकाळी बरी असे आणि दुपारी वाहू लागे. तिसरी जमली.

गजाचं प्रकरण त्याहून बिकट. एका सारंगीवाल्याचा गज लावून पाहिला, तर हत्तीला फणी केल्यासारखं दिसलं. अखेर ओळखीच्या सुताराकडून जाडसर काठी घडवून घेतली. आता ती वरून धरावी की करवतीसारखी खालून, हा पेच पडला. मामा जेवताना वरणाची पळी कधी अशी धरत, कधी तशी, आणि वरण आमच्या पानाबाहेर पडे. केस मात्र पांढऱ्या घोड्याचेच हवे होते. प्रेमनगरातल्या एका टांग्यामागे ते इतके हिंडले, की टांगेवाला वैतागून म्हणाला, "बाबूजी, पूँछ आप ले जाओगे तो मक्खी कौन उड़ाएगा, आप?" मामांनी गंभीरपणे विचार केला आणि रविवारी उडवीन म्हणून कबूल केलं. उडवल्याही.

गज तयार झाला त्या दुपारी मामीला बासाशेजारी पाटावर बसवून त्यांनी पहिला सूर लावला. फडताळातले डबे थरथरले. शेजारी भूकंप समजून अंगणात आले. मामीने हळूच लाकडाला तळहात टेकवला.

"अहो, येतंय ऐकू," ती म्हणाली. "पण हे गाणं कुठलं?"

मामांना गाणं एकही येत नव्हतं. राळेच्या आणि गजाच्या नादात शिकायचंच राहून गेलं होतं.

"तू म्हण," ते म्हणाले. "मी सूर धरतो."

मामीने कितीतरी दिवसांनी गळा मोकळा केला. आवाज भसाडा झाला होता, सूर भलतीकडेच चालला होता, पण माहेरची ओवी तिला पुरी आठवत होती. मामा तो एकच सूर धरून बसले, ओवी संपेपर्यंत, आणि संपल्यावरही बराच वेळ.