कडू म्हणजे कोणतं कडू?

बिअरचा घोट घेतला की बाई डोळे मिटून मनातल्या मनात दहा आकडे मोजायच्या. मग वहीतली चूक दाखवावी तशा आवाजात सांगायच्या, "कारलं. पण मीठ लावून पिळलेलं." पासष्टी ओलांडलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसणाऱ्या, शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या दापोलीकडच्या बाई. त्यांच्या हातात बिअरचा ग्लास पाहून नवा माणूस गडबडून जायचा. बाई म्हणायच्या, "मी पीत नाही, चाखते. आमटी उतरवण्याआधी चाखत नाहीस का?"

राखोलीच्या रस्त्यावर आमचा बिअरचा छोटा कारखाना आहे. मी धुळ्याकडचा, रसायनशास्त्राची पदवी घेऊन इथे चिकटलेला. घरी 'थंड पेयाची कंपनी' एवढंच सांगितलं होतं, आणि बिअर कोणी गरम पीत नाही, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. नवी बिअर बाजारात सोडण्याआधी शनिवारी दुपारी आमच्या मालक शेठसोबत टेबलाशी बसून ती चाखायची आणि वहीत शेरा लिहायचा, हे माझं काम. मी 'चांगली' लिहायचो. जास्तच आवडली तर 'खूप चांगली'.

बाई पहिल्यांदा आल्या त्या भांडायला. कारखान्याच्या मागच्याच गल्लीत त्यांचं घर. फाटकातूनच म्हणाल्या, "तुमची उकड दर मंगळवारी करपते. नाकाला कळत नाही का कोणाच्या?" मी समजावू लागलो की इथे उकड नसते, माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, पाणी उकळतं. पण शेठनी त्यांचा आवाज ओळखला. लहानपणी त्यांच्याच हातची छडी खाल्लेले आमचे शेठ धावत बाहेर आले. मोठं पातेलं रिकामं करून पाहिलं तर तळाला करपलेला काळा थर. त्यात महिनाभर बिअर शिजत होती आणि माझ्या वहीत 'चांगली'च्या खाली 'चांगली' लिहिलेलं होतं! शेठ त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत मला एवढंच म्हणाले, "बाई बोलते ने, तो बरोबरच असणार." पुढच्या शनिवारी टेबलाशी तिसरी खुर्ची आली.

बाईंनी त्या टेबलाची शाळा करून टाकली. शनिवारी अत्तर, केसांना तेल, तोंडात गुटखा बंद. दोन घोटांच्या मधे त्या घरून आणलेल्या तांदळाच्या अळणी भाकरीचा तुकडा चावायला लावायच्या. भिंतीवर शेठनी चवींचा एक परदेशी तक्ता लावला होता. त्यातला शब्द मी एकदा ऐटीत वाचला, "ट्रॉपिकल फ्रूट." बाई म्हणाल्या, "म्हणजे आपण राहतो तिथलंच ना? मग फणस की अननस ते लिही." मी नुसतं 'कडू' म्हणालो की त्यांचा प्रश्न ठरलेला, "कडू म्हणजे कोणतं कडू? मेथीचं, कारल्याचं, की औषधाच्या गोळीचं?" कामगारांनी त्यांचं नाव कडूबाई पाडलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुमच्या खानदेशात मुलींचं नाव असतं ना हे?" माझ्या आत्याचंच आहे म्हटल्यावर त्या चक्क खूश झाल्या.

दोन वर्षांत माझ्या वहीत ओलं पोतं, भाताची पहिली वाफ, संत्र्याच्या सालीचा पांढरा भाग, असं काय काय यायला लागलं. आपल्याला एक विद्या येते, हे मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. आणि तेव्हाच मला ताप आला.

आठवडाभराने उठलो तर नाक गेलेलं. जवळच्या आमली भागातल्या भाड्याच्या खोलीत आम्ही चौघे राहायचो. एकाने माझ्यासमोर लसणाची फोडणी दिली आणि मला नुसती कढई दिसली. मी कोणाला सांगितलं नाही. चाखणाऱ्याला वास येत नाही म्हटल्यावर त्याला ठेवणार कोण? परत गावी जावं लागलं असतं, आणि कंपनी कसली होती तेही आईला कळलं असतं. शनिवारी मी बाईंच्या भुवयांकडे पाहायला लागलो. वर गेल्या की फळ म्हणायचं, आक्रसल्या की कडू. तीन शनिवार निभावले.

चौथ्या शनिवारी त्यांच्या भुवया छान वर गेल्या. मी घोट घेऊन म्हणालो, "पिकलेला अननस." शेठनी मान हलवली, फोन आला म्हणून बाहेर गेले. बाईंनी माझा ग्लास पुढे ओढला.

"ही बाटली मी तीन दिवस गच्चीवर उन्हात ठेवली होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फक्त तुझ्या ग्लासात ओतली. घुशीचा वास मारतोय रे याला. कधीपासून?"

मला रडू फुटलं. "बाई, मी काय करू आता? काढून टाकतील मला."

"वास गेला हा आजार. अननस म्हणालास ही लबाडी. आजारावर उपाय बघू, लबाडी आज संपव. शेठकडे मी सोबत येते, पण बोलायचं तू."

मी बोललो. मी पास केलेल्या तीन शनिवारांच्या बिअरवर बाईंची सही होती, म्हणून निभावलं. बाई म्हणाल्या, "त्याला बाटल्या धुवायला लाव. पण ती खुर्ची हलवायची नाही. तो परत येईपर्यंत मी बघते." शेठना 'तू' म्हणणारी अख्ख्या कारखान्यात ती एकच व्यक्ती, त्यामुळे खुर्ची राहिली.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी त्यांच्या ओट्यावर. चार डब्या: लवंग, हिंग, लिंबाची साल, सुकट. "वास यायची वाट बघू नकोस. लवंग कोणाच्या हातात पाहिलीस ते आठव." मी आईच्या चिमटीतली, दाढेखाली धरायला दिलेली लवंग सांगायचो. हिंग म्हणजे आजोबांचं ताक. कधी मी चिडायचो, कधी दांडी मारायचो, मग त्या फाटकापाशी डब्या घेऊन उभ्या. पावसाळा गेला, थंडी आली, डब्या मुक्याच. दापोलीची बहीण त्यांना कायमचं राहायला बोलावत होती आणि माझ्यापायी त्या दर महिन्याला 'पुढच्या महिन्यात' म्हणत होत्या, हे मला शेठकडून फार उशिरा कळलं.

मग बहीण पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि बाईंना जावंच लागलं. गाडी दारात उभी होती. प्रवासाला म्हणून त्यांनी ट्रंकेतली रेशमी साडी काढून नेसली होती. मी पाया पडायला वाकलो आणि तसाच थांबलो.

"बाई, डांबरगोळ्या."

"काय?"

"तुमच्या साडीला. डांबरगोळ्यांचा वास येतोय."

त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊ, दहा मिनिटं थांब," आणि रेशमी साडीचा काठ उचलून तरातरा कारखान्यात शिरल्या. टाकीतून ग्लास भरला, माझ्या नाकाशी धरला. "सांग."

मी श्वास घेतला. पुन्हा घेतला. शेठ दारात उभे होते. अननस म्हणालो असतो तर त्या क्षणी सगळ्यांनाच बरं वाटलं असतं.

"काही नाही येत बाई. फक्त तुमची साडी येते."

बाईंनी ग्लास खाली ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. शेठकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस? आता याच्या शब्दावर बाटली बाहेर सोडायला हरकत नाही. नाक येईल मागाहून."

नाक आलं, पण पूर्ण यायला आणखी सहा महिने गेले. आता त्या टेबलावर मी नव्या मुलांना शिकवतो. आपल्याला जे काही येतं ते कोणीतरी चिकाटीने दिलेलं असतं, आणि मला ते बाईंनी दिलं. आजही एखाद्या शनिवारी एखादा घोट काहीच बोलत नाही. तेव्हा मी वहीत स्वच्छ अक्षरात लिहितो, 'कळलं नाही', आणि खाली सही करतो.