साहेबांनी निवडलेले बूट

आमच्या कॉलनीत माणसं निवृत्त झाली की एकतर भजनी मंडळात जातात, नाहीतर सकाळी कानटोपी घालून फिरायला निघतात. आमच्या गल्लीतले एक बँक मॅनेजर निवृत्त झाले आणि त्यांनी तिसराच उद्योग काढला. ट्रेकिंगचा ग्रुप. उभा जन्म पंख्याखालच्या खुर्चीत गेलेला माणूस आता जळगावकरांना डोंगर कसा चढायचा ते शिकवणार होता. सगळे त्यांना साहेबच म्हणायचे. निवृत्तीनंतरही ती सवय कोणी मोडली नाही आणि त्यांनीही मोडू दिली नाही.

मी त्या ग्रुपात गेले ती वहिनींसाठी. वहिनी म्हणजे साहेबांची बायको, माझी शेजारीण. मी जन्मभर नर्स. यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी उपकेंद्रात नोकरी केली. लसीचा डबा खांद्याला लावून पाड्यापाड्यांवर पायी गेले. पावसाळ्यात प्लास्टिकचे सँडल, एरवी कापडी बूट. त्यामुळे हौस म्हणून डोंगर चढायचा, ही कल्पनाच मला विनोदी वाटायची. पण वहिनी म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही असलात तर मला सोबत होईल. तिथे सगळे पुरुषच आहेत." मग मी हो म्हटलं.

पहिला ट्रेक ठरला चाळीसगावजवळचा, पाटणादेवीच्या मागचा कन्हेरगड. त्याआधी तीन आठवडे ग्रुपवर फक्त बुटांची चर्चा चालली होती. गड किती उंच, पाणी कुठे मिळतं, ऊन कधी चढतं, याबद्दल चकार शब्द नाही. साहेब रोज पहाटे कुठून कुठून आलेला मजकूर पुढे ढकलायचे. बूट घोट्याच्या वरपर्यंत हवेत. बूट वॉटरप्रूफ हवेत. शेवटी हुकूमच निघाला की योग्य बुटांशिवाय कोणालाही बसमध्ये घेतलं जाणार नाही. वॉटरप्रूफ, आणि तेही आमच्या जळगावात! ऑक्टोबरातही इथली कुत्री दुपारी सावली सोडत नाहीत. त्या बुटात बाहेरचं पाणी शिरणार नव्हतं हे खरं, पण आतला घामही बाहेर जाणार नव्हता.

एका रविवारी सकाळी साहेब आम्हा दहा-बारा जणांना घेऊन दुकानात गेले. वरात आल्यासारखा दुकानदार उभा राहिला. साहेब प्रत्येक बूट उचलायचे, तळवा वाकवायचे, आत नाक घालून वास घ्यायचे आणि मान हलवायचे. वासावरून काय कळतं कोण जाणे. बाकीचे मात्र त्या मानेकडे निकाल लागावा तसे बघत होते. एका मास्तरांना तर बूट पसंत पडला होता, तरी साहेबांची मान आडवी हलली म्हणून त्यांनी तो मुकाट्याने परत ठेवला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभरात पाय फुगतो. आत्ता बसेल तो बूट दुपारी चावेल. आणि उतारावर बोटं पुढे सरकतात, तेव्हा अंगठ्यापुढे बोटभर जागा तरी पाहिजे."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, इंजेक्शनचा विषय निघाला की तुम्हाला नक्की विचारू."

सगळे हसले. दुकानदारही हसला. मला काय लागलं ते मी तिथे दाखवलं नाही, पण त्या क्षणापासून माझ्या मनात एकच होतं: हा माणूस एकदा तोंडघशी पडलेला मला बघायचा आहे.

मी संध्याकाळी एकटीच परत गेले आणि माझ्या पायाला बसतील असे हलके, घोट्याखालचे बूट घेतले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते पाहिले. म्हणाले, "हे भाजी आणायला चांगले आहेत."

वहिनींचे बूट मात्र त्या रविवारी सकाळी त्यांनीच निवडले होते. वहिनींचा पाय पुढे पसरट, अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलेलं. असल्या पायाला रुंद बूट लागतो हे कोणीही सांगेल. साहेबांनी मरून रंगाचा, पुढे निमुळता जोड काढला, कारण त्यांच्या स्वतःच्या बुटांना मरून पट्टी होती आणि फोटोत दोघं शोभून दिसतील. वहिनींनी पाय आत घातला तेव्हा त्यांचा चेहरा जरासा आवळला. दुकानदार म्हणाला, "लेडीजमध्ये एवढंच येतं. वापरून सैल होतो." साहेब म्हणाले, "घट्टच पाहिजे. सपोर्ट मिळतो." वहिनींचं मत विचारायची दोघांपैकी एकालाही गरज वाटली नाही.

साहेबांचे बूट परदेशातले. भाच्याने फार वर्षांपूर्वी आणलेले, माळ्यावर खोक्यात पडलेले. "अस्सल माल," असं ते येताजाता सांगायचे. "इथे असा मिळणार नाही."

ट्रेकच्या दिवशी उजाडायच्या आधीच मिनीबस निघाली. वहिनी माझ्या शेजारी बसल्या. पाचोऱ्याच्या पुढे नाश्त्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी पर्समधून गोळी काढली.

"शुगर आहे का?" मी विचारलं.

"झाली की आठ-नऊ वर्षं."

"तळपायाला मुंग्या येतात?"

"आधी यायच्या. आता काहीच कळत नाही. बरं झालं, तेवढा त्रास गेला."

आता हे ऐकून कोणत्याही नर्सने आधी बूट काढायला लावला पाहिजे. मुंग्या थांबल्या म्हणजे त्रास गेला असं नसतं, पायातली जाणीव गेलेली असते. तीस वर्षं मी हेच बायकांना समजावून सांगत आले होते. वहिनींनी बूट पुढे केला आणि हळूच, साहेबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "सिस्टर, हा जरा आवळ नाही ना वाटत?"

मी खाली पाहिलं. अंगठ्यापाशी बुटाचं कातडं हाडावर ताणलं गेलेलं दिसत होतं. आणि मी म्हणाले, "साहेबांना विचारा ना. लीडर ते आहेत."

हे मी म्हटलं. अगदी याच शब्दांत, आणि हसून.

पाटणादेवीला साहेबांनी गळ्यातली शिट्टी फुंकली, आम्हाला रांगेत उभं केलं आणि टाच कशी टेकवायची यावर भाषण दिलं. भाषण संपेतो ऊन वर आलं होतं. चढताना लेण्यांपाशी निम्मे लोक बसले. साहेब दर वळणावर थांबायचे, "निसर्ग बघा" म्हणायचे आणि स्वतःचा दम शोधायचे. वरती पोचल्यावर फोटो निघाले. वहिनी साहेबांशेजारी उभ्या राहिल्या, दोघांचे जुळणारे बूट पुढे करून. साहेबांनी तो फोटो तीनदा काढायला लावला.

उतरताना घसाऱ्यावर साहेब सर्वांत पुढे होते. "माझ्या पावलावर पाऊल टाका," असं ते म्हणाले आणि फट् असा आवाज झाला. त्यांच्या डाव्या बुटाचा तळवा पुढून उघडला, मगरीने जबडा वासावा तसा. ते खाली बघेपर्यंत टाचेकडूनही सुटला. वर्षानुवर्षं माळ्यावर पडून तळव्याचा आतला थर कुजला होता. हाताला त्याचा भुगा लागत होता. दहा पावलांवर उजव्याचाही तोच प्रकार झाला.

मला झालेला आनंद मी लपवला नाही. पिशवीतून माझं क्रेप बँडेज काढलं. अख्खा रोल. साहेबांना दगडावर बसवलं, गुडघे टेकून त्यांच्या दोन्ही बुटांना मोडलेल्या पायाला बांधतात तशी पट्टीवर पट्टी बांधली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पेशंटने आता जास्त हलू नये."

लोक पोट धरून हसले. मास्तरांनी फोटो काढला. साहेब लाल झाले होते. खाली येईपर्यंत मी हवेत चालत होते. वहिनी मागे राहिल्यात, पाय जरा फाकवून टाकतायत, हे माझ्या डोळ्यांना दिसलं होतं, पण डोक्यापर्यंत पोचलं नाही. माझं सगळं लक्ष पुढच्या त्या पांढऱ्या, फटफट वाजणाऱ्या बुटांकडे होतं.

खाली देवळापाशी नारळ विकणारी एक म्हातारी बसली होती. वहिनी तिच्या टोपलीशेजारी टेकल्या आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागल्या. म्हातारी एकदम ओरडली, "व माय! तुना मोजाले रगत लागेल शे ना!"

मी धावले. बूट निघता निघेना. मोजा हाडापाशी चिकटला होता. पाण्याने भिजवून सोडवला तेव्हा दिसलं, अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढी कातडी गेली होती, करंगळीची साल सोलली होती, नखाखाली काळं रक्त साकळलं होतं.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "नुसतं ओलं ओलं लागत होतं. मला वाटलं घाम."

साहेब वाकून म्हणाले, "दुखत नाही म्हणतेय ना, मग काही विशेष नाही."

म्हातारीने त्यांच्याकडे, मग त्यांच्या बँडेज बांधलेल्या बुटांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "बठ्ठासना पायमा एवढा भारी बूट शेतस, मंग हाई बाईना पाय कसा फुटना?"

सगळ्यांच्या पायात भारी बूट, मग या बाईचाच पाय कसा फुटला, हे ती मला विचारत होती. मी पिशवी उघडली. पिशवीत कापूस होता, गॉज होता, बांधायला बँडेज नव्हतं. ते साहेबांच्या बुटांवर मातीत लोळत होतं. शेवटी माझी ओढणी फाडून बांधली.

दुसऱ्या दिवशी मीच वहिनींना डॉक्टरांकडे नेलं. साहेबांना त्या दिवशी नेमकं पेन्शनचं काम निघालं होतं. डॉक्टर म्हणाले, "दोन-चार दिवस उशीर केला असता तर अंगठ्याचं सांगता आलं नसतं." जखम भरायला अडीच महिने लागले. रोज सकाळी मी ड्रेसिंगला जायचे. साहेब तेव्हा पेपर वाचत बसलेले असत. कधी म्हणायचे, "हिचा पायच मुळात वाकडा." कधी म्हणायचे, "दुकानदाराने फसवलं." ग्रुपवर त्यांनी लांबलचक मजकूर टाकला की जुने बूट वापरण्यापूर्वी तळवा तपासून घ्यावा. खाली पंचवीस जणांनी हात जोडले. बायकोच्या पायाचा त्यात उल्लेख नव्हता.

एकदा ड्रेसिंग करताना साहेब बाहेर गेले होते. वहिनी छताकडे बघत म्हणाल्या, "मी तुम्हाला बसमध्ये विचारलं होतं, सिस्टर."

मी पट्टी बांधत राहिले. मग म्हटलं, "हो. मला दिसलं होतं. सांगितलं नाही."

"का?"

"साहेबांची फजिती बघायची होती."

त्यांनी छतावरची नजर माझ्याकडे वळवली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "मग बघितली ना? झालं समाधान?"

साहेबांना मी मूर्ख म्हणते, आजही म्हणते. पण त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं. त्या दिवसानंतर साहेबांवर तोंडसुख घेताना माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही. घेते मात्र.

पाय बरा झाल्यावर वहिनी स्वतःच म्हणाल्या, "चला, बूट घेऊ." आम्ही संध्याकाळी गेलो, दुसऱ्या दुकानात. साहेबही आले, कोणी बोलावलं नव्हतं तरी. मी घरून वहिनींचा पाय वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलने आखून नेला होता. दुकानातल्या पोरीला तो कागद दिला. तिने एकेका बुटातलं आतलं पॅड काढून त्यावर ठेवून पाहिलं. बायकांच्या बुटांतलं एकही पुरलं नाही. सगळ्यांच्या कडेने पाय बाहेर येत होता. शेवटी तिने पुरुषांच्या कपाटातून एक काळा, बोजड जोड आणला. त्यात कागद बरोबर बसला.

वहिनींनी जाड मोजे घालून ते चढवले. त्यांच्या पायाला कळत नाही म्हणून मी बाहेरून बोटांनी चाचपून जागा पाहिली. मग त्या दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, जिन्याच्या चार पायऱ्या चढून उतरल्या, परत चालल्या. घाई केली नाही. साहेब घड्याळ बघत होते.

"अगं, हे पुरुषांचे आहेत," ते म्हणाले.

"असू देत."

"आणि दिसतायत कसे!"

"तुम्हाला कुठे घालायचेत?" वहिनी म्हणाल्या आणि दुकानातल्या मुलीला सांगितलं, "खोकं नको. मी घालूनच जाते."

ट्रेकच्या ग्रुपातून आम्ही दोघी बाहेर पडलो. साहेबांचं चालूच आहे; आता ते काठ्यांबद्दल लिहितात. आम्ही सकाळी मेहरूणच्या तलावाकडे चालायला जातो. घरी आल्यावर वहिनी ओट्यावर बसून दोन्ही बूट काढतात, पाय उलटे करून मला दाखवतात, आणि मी बोटांच्या फटीसुद्धा बघितल्याशिवाय चहा घेत नाही.