लंडनची फी आणि रामकुंडावरची लढाई

आमच्या घराण्यात समुद्र ओलांडणारा पहिला माणूस मी, आणि रामकुंडावर लढाई पेटवणाराही मीच.

सन पस्तीसच्या आसपासची गोष्ट. बी.ए. झाल्यावर मला आंतरराष्ट्रीय राजकारण शिकायचं खूळ लागलं. जिनिव्हा की लंडन, एवढंच ठरायचं होतं. आईनं लंडन पसंत केलं, कारण ते नाव तिला नीट घेता येत होतं! (निवड समिती एवढीच.) वडील तीर्थोपाध्याय. त्यांनी एकच विचारलं, "तिथं शिकून करणार काय?"

"दोन देशांमधली भांडणं मिटवणार."

"बरं. समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त घरचंच आहे, त्याचा खर्च नाही. फीचं बघू."

फी देऊ शकेल असा एकच यजमान होता, सुरतेचे छगनशेठ. ते श्राद्धाला येणार होते. "स्टेशनवर तू जा, छाप पाड," वडील म्हणाले. मी शेठना कधी पाहिलं नव्हतं. पण यजमान ओळखायची रीत ठरलेली असते: आधी गाव विचारायचं, मग आजोबांचं नाव, मगच सामानाला हात लावायचा. मी गाव विचारलं. "सुरत" ऐकताच सामान टांग्यात टाकलं आणि रामकुंड येईपर्यंत शेठना युरोपचं राजकारण ऐकवलं. आजोबांचं राहूनच गेलं.

ते निघाले मगनशेठ, छगनशेठांचे लांबचे भाऊबंद. आणि त्यांची शाखा पिढ्यान्‌पिढ्या घाटावरच्या दुसऱ्या उपाध्यायांची, दामूभटांची! घाटावर दुसऱ्याचा यजमान नेणं म्हणजे दरोडाच. दामूभट दोन मुलांसह उपरणी खोचत आले.

माझ्या विषयाला संधी आली असं मला वाटलं. "दामूकाका, आपण तटस्थ जागी बसून वाटाघाटी करू. तोवर यजमान आमच्या ताब्यात राहतील."

यानंतर तांब्या उडाला. पिंडांसाठी मळलेलं पीठ कुंडात गेलं. तेवढ्यात स्वतःच टांगा करून आलेले खरे छगनशेठ पायरीवर उभे राहून हे सगळं पाहू लागले. लंडन बुडालं, मी मनात म्हटलं.

वडील ओलेत्यानं वर आले. चूक कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही. (माझं तोंड समोरच होतं.)

"दामू, तुझ्या आईचा ताप उतरला का रे?"

दामूभटांचा हात खाली आला. "काल उतरला."

"तुझा यजमान तुझा. चूक माझ्या घरची, म्हणून पहिला संकल्प तू सांग. मी थांबतो."

"थांबतोस कशाला," दामूभट पुटपुटले, "दोघं बरोबरच सांगू."

आणि दोघं मांडीला मांडी लावून बसले. मला त्या ओल्या पंच्यातल्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की डोळे भरून आले.

श्राद्ध आटोपल्यावर छगनशेठ म्हणाले, "गुरुजी, मुलाची फी मी देतो."

"त्याचं आजचं वागणं बघूनसुद्धा?"

"बघूनच. तुमच्या घरात राहून जे याला आलं नाही, ते लंडनवाल्यांना जमतं का पाहू."

मला विलायतेची शिष्यवृत्ती मिळाली होती, हे मी आजही सगळ्यांना सांगतो. गुणांवर की दयेवर, हे सुदैवानं कुणी विचारत नाही.